घरातील अन्नाची नासाडी आणि प्राथमिक शिक्षकाचे कार्य

(शिक्षक संमेलनातील व्याख्यान)



अन्नाला पूर्णब्रह्म मानण्याचा संस्कार महाराष्ट्रात घरोघरी आहे. पायाखाली आलेला दाणा उचलून घ्यावा, ताटात काही टाकू नये, जेवणास बसताना श्लोक म्हणावा, या गोष्टी मुलाला अक्षरओळख होण्यापूर्वीच शिकविल्या जातात. असे असूनही गावाच्या उकिरड्यावर किंवा शहरातील कचराकुंडीत भाताची ढेकळे, वाळलेल्या पोळ्यांचे तुकडे आणि पिवळ्या पडलेल्या मेथीच्या जुड्या रोज दिसतात. अन्नाविषयीची श्रद्धा नाहीशी झाली म्हणून हे घडते असे म्हणता येणार नाही. उणीव आहे ती मोजमापाची आणि व्यवस्थेची. श्रद्धा घरात शिकविली जाते; मोजमाप व नोंद शिकविण्याचे स्थान शाळा हे आहे. म्हणूनच हा विषय प्राथमिक शिक्षकाच्या कक्षेत येतो.

प्रश्नाचा विस्तार प्रथम ध्यानात घ्यावयास हवा. संयुक्त राष्ट्रसंघाच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात २०२२ सालचा जागतिक अंदाज दिला आहे. दुकाने, खाणावळी आणि घरे मिळून त्या वर्षी सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले. त्यांपैकी सुमारे ६३ कोटी टन, म्हणजे शेकडा ६०, एकट्या घरांतून गेले. भारतातील घरांपुरता याच अहवालाचा अंदाज माणशी वर्षाला सुमारे ५५ किलो असा आहे. यात साली, बिया, हाडे असा न खाण्याजोगा भागही धरलेला आहे. तो वजा केला तरी आकडा लहान राहत नाही.

एवढे मोठे आकडे मुलांच्या मनावर फारसे उमटत नाहीत. त्यांच्यासाठी घरातलेच उदाहरण घ्यावे. एका घरात रोज एक भाकरी वाया जाते आणि एका भाकरीस ८० ग्रॅम पीठ लागते असे धरू. वर्षाच्या ३६५ दिवसांत २९ किलो २०० ग्रॅम ज्वारी गेली. महिन्याला ती जवळजवळ अडीच किलो होते. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा, २०१३ अन्वये प्राधान्य कुटुंबातील व्यक्तीस दरमहा ५ किलो धान्य मिळते. त्याचा जवळजवळ अर्धा भाग या एका भाकरीत गेला. गावात अशी २०० घरे असतील, तर वर्षाचे ५८ क्विंटल ४० किलो धान्य होते. कोरडवाहू जमिनीत हेक्टरी ८ क्विंटल उतारा धरला, तर सात हेक्टरांहून अधिक रानातील पेरणी, खुरपणी, राखण आणि मळणी व्यर्थ गेली. शेतकऱ्याच्या मुलाला हे गणित समजावून सांगावे लागत नाही.

अन्नाच्या टंचाईचे दिवस या देशाने पाहिले आहेत. १९६५ साली पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले आणि कित्येक घरांतून सोमवारी रात्री चूल पेटली नाही. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातील लाखो माणसे खडी फोडण्याच्या कामावर गेली. परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी आणि सुकडी यांवर त्यांनी दिवस काढले. त्या पिढीतील माणसे आजही ताट पुसून घेतल्याप्रमाणे जेवतात. तथापि टंचाईने लावलेली सवय टंचाईबरोबर ओसरते. सुबत्तेतही टिकेल अशी सवय समजून-उमजून लावावी लागते.

मराठी भाषेत वाया जाणाऱ्या अन्नाला तीन निरनिराळी नावे आहेत, आणि त्या नावांतच रोगाचे निदान सापडते. ताटात टाकलेले ते उष्टे. भांड्यात उरून ज्यावर रात्र गेली ते शिळे. वास आलेले, किडलेले किंवा बुरशी धरलेले ते नासके. उष्टे वाढण्याच्या चुकीमुळे होते, शिळे शिजविण्याच्या चुकीमुळे आणि नासके साठविण्याच्या चुकीमुळे. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. केवळ ‘अन्न टाकू नका’ असा उपदेश केल्याने यांपैकी एकही दोष दूर होत नाही.

नासक्यापासून आरंभ करू. धान्य कोठीत भरण्यापूर्वी ते पुरते वाळलेले असावे; दाताखाली दाणा कट्टकन फुटला पाहिजे. ओल राहिलेल्या धान्यास सोंडे आणि बुरशी लवकर धरते. कडधान्यास भुंगा लागतो, म्हणून तूरडाळीस एरंडेल तेलाचा हात लावण्याची आणि धान्यात कडुलिंबाचा वाळलेला पाला घालण्याची रीत जुनी व उपयुक्त आहे. नवे धान्य जुन्यावर ओतू नये; जुने वर काढून आधी वापरावे. बाजरीचे पीठ थोड्याच दिवसांत कडू होते, कारण त्यातील स्निग्धांश लवकर खवट होतो. ज्वारीच्या जुन्या पिठाची विरी जाते आणि भाकरी थापताना तुटते. यास्तव महिन्याचे दळण एकदम आणण्यापेक्षा आठवड्याचे आणणे हिताचे असते. विरी गेलेले पीठ मात्र टाकण्याचे कारण नाही; उकळत्या पाण्यात त्याची उकड काढून मळल्यास भाकरी होते.

भाजीपाल्याची हानी बहुधा बाजाराच्या दिवशीच निश्चित होते. स्वस्त मिळाली म्हणून चार जुड्या घेतल्या जातात आणि त्यांतील दोन तिसऱ्या दिवशी गळून पडतात. पालेभाजी आधी, वेलावरच्या भाज्या नंतर, आणि बटाटा, सुरण, लाल भोपळा सर्वांत शेवटी, असा क्रम ठेवल्यास आठवड्याचा बाजार आठवडाभर पुरतो. पालेभाजी ओलसर फडक्यात गुंडाळावी. कांदा हवेशीर जागी पसरून ठेवावा, बटाटा अंधारात. दोन्ही एका टोपलीत नसावेत. दोडक्याच्या शिरांची आणि भोपळ्याच्या सालीची चटणी, मुळ्याच्या व नवलकोलाच्या पाल्याची भाजी, आमटीत पडणारे कोथिंबिरीचे कोवळे देठ, पुरणाची डाळ शिजविलेल्या पाण्याची कटाची आमटी, हे सर्व पदार्थ जुन्या गृहिणींच्या शहाणपणाची साक्ष देतात. ज्याला टाकाऊ म्हणावे ते त्यांच्या लेखी फार थोडे होते.

आता शिळ्याकडे वळू. रोजच्या नासाडीचे मोठे उगमस्थान हेच आहे. जुन्या घरांत धान्य काढण्यासाठी निळवे, कोळवे, चिपटे, मापटे, शेर आणि पायली अशी मापे असत. शेरापर्यंतचे प्रत्येक माप आधीच्या मापाच्या दुप्पट आणि चार शेरांची पायली. किती माणसांस किती मापे तांदूळ काढावयाचा हे घरातील प्रत्येक कर्त्या बाईस ठाऊक असे. १९५८ पासून दशमान वजने टप्प्याटप्प्याने अमलात आली आणि जुनी मापे मागे पडली. त्यात वाईट काहीच झाले नाही. परंतु कित्येक घरांत जुन्या मापाच्या जागी नवे माप आलेच नाही. मूठ आणि अंदाज आला. भातासाठी एक ठरावीक वाटी नेमून ठेवावी आणि आठ दिवस पाहून आपल्या घराचे प्रमाण ठरवावे. एक वाटी तांदळाचा सुमारे तीन वाट्या भात होतो. रात्री तीन वाट्या भात उरत असेल, तर दुसऱ्या दिवशी एक वाटी तांदूळ कमी घ्यावयाचा, इतके हे गणित सोपे आहे.

तथापि सगळा दोष शिजविणाऱ्या हाताला लावणे न्यायाचे होणार नाही. घरातून बाहेर पडताना ‘आज रात्री जेवणास नाही’ असे न सांगता जाणारा मुलगा, रस्त्यावर वडापाव खाऊन घरी येणारा भाऊ, किंवा ऐनवेळी चार माणसे घेऊन येणारा अथवा येतो म्हणून न येणारा यजमान, हेही उरलेल्या अन्नाचे धनी आहेत. गृहिणी प्रत्येकाचा वाटा धरून स्वयंपाक करते. कोण जेवणार, किती जेवणार, हे वेळेवर सांगणे हा खाणाऱ्याचा धर्म होय. ही सवय मुलाला दहाव्या वर्षी लागली तर ती जन्मभर टिकते.

उरलेच, तर काय करावे? महाराष्ट्राच्या स्वयंपाकघरास याचे उत्तर फार पूर्वीपासून अवगत आहे. पोळीचा कुस्करा, भाकरीचा ताकातला काला, आमटी किंवा भाजी मळून केलेले थालीपीठ, आंबट ताकाची कढी, उन्हाळ्यात भाताचे सांडगे. परंतु येथे आजच्या आरोग्यशास्त्राची जोड देणे अगत्याचे आहे. तांदळात काही जिवाणूंचे असे बीजाणू असतात की जे शिजविण्याने मरत नाहीत. भात तासन्‌तास कोमट राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. म्हणून उरलेला भात पातेल्यात झाकून चुलीजवळ ठेवू नये. ताटात पसरून लवकर निववावा आणि शिजल्यापासून दोन तासांच्या आत शीतकपाटात ठेवावा. दुसऱ्या दिवशी तो चांगली वाफ येईपर्यंत आणि एकदाच गरम करावा. ज्या घरी शीतकपाट नाही तेथे रात्रीचा भात मापानेच शिजवावा. कोरडी भाकरी त्या मानाने अधिक टिकते. बुरशी आलेले शेंगदाणे किंवा मका वरवर पुसून खाणे हीदेखील काटकसर नव्हे. बुरशीतून उत्पन्न होणारे अफ्लाटॉक्सिन यकृतास अपाय करते आणि साध्या शिजविण्याने नष्ट होत नाही. जे नासले ते टाकावेच लागते. म्हणूनच ते नासू न देण्यास महत्त्व आहे.

‘गुरांना घातले म्हणजे वाया गेले नाही’ असा एक समज आहे. मूठभर भाकरीच्या तुकड्यांपुरता तो ठीक आहे. परंतु पंगतीनंतर उरलेला घमेलेभर भात किंवा पोळ्या गाईम्हशींपुढे ओतल्यास त्यांच्या पोटात आम्ल वाढते, रवंथ बंद होतो, आणि प्रसंगी जनावर दगावते. माणसासाठी शिजविलेले अन्न माणसाच्या मुखी जाणे हाच त्याचा योग्य विनियोग होय.

येथे या विषयाच्या सर्वांत नाजूक भागाचा विचार करावा लागतो. पुष्कळ घरांत अन्न वाया जात नाही याचा अभिमान बाळगला जातो. मग उरलेले जाते कोठे? पुरुष आणि मुले ताजे जेवून उठतात. मागाहून बसणारी आई, सून किंवा थोरली मुलगी कालचा भात आणि तळाची आमटी घेऊन बसते. ताजे उरले नाही तर तेवढ्यावरच ती उठते. कधी पोट भरलेले असतानाही ‘टाकवत नाही’ म्हणून ती दोन घास अधिक खाते. कधी ताजे इतरांस पुरावे म्हणून स्वतः अर्धपोटी राहते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी शेकडा ५४ हून अधिक स्त्रियांच्या अंगी रक्ताची कमतरता आढळली. याची कारणे अनेक आहेत. परंतु घरातील ताटांचा हा क्रम त्या कारणांच्या यादीबाहेर ठेवता येत नाही.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. अन्न वाचविणे म्हणजे उरलेले कोणाच्या तरी गळी उतरविणे नव्हे. ते उरूच न देणे होय. ज्या घरातील काटकसर एकट्या आईच्या ताटातून होते, त्या घराने अन्न वाचविले असे म्हणता येणार नाही. शिळे खाण्याजोगे असेल तर ते सर्वांनी वाटून घ्यावे, ताजेही सर्वांनी वाटून घ्यावे आणि शक्यतो एकत्र बसून जेवावे. एकत्र पंगत बसली की किती उरले आणि कोणास काय पुरले नाही, हे सर्वांच्या दृष्टीस पडते. तेथूनच मापाची सुधारणा सुरू होते.

राहिले उष्टे. लहान मुलाच्या ताटात मोठ्या माणसाइतके वाढावयाचे, ते खाल्ले नाही म्हणून रागवावयाचे आणि मग ते फेकावयाचे, हा क्रम अनेक घरांत रोज चालतो. मुलाला प्रथम थोडे वाढावे आणि हवे तर पुन्हा मागू द्यावे. भूक नसताना बळे खावयास लावल्याने अन्नाचा मान वाढत नाही. अन्नाचा कंटाळा मात्र येतो. सणासमारंभातील आग्रहाचेही तसेच आहे. पाहुण्याने हात आडवा केल्यावरही पानात जिलबी टाकणे यास आतिथ्य म्हणण्याची रीत पडली आहे. विचारून वाढणे आणि नको म्हटल्यावर थांबणे यात पाहुण्याचाही मान आहे आणि अन्नाचाही.

आता शिक्षकाच्या प्रत्यक्ष कार्याविषयी. यासाठी वेगळा तास किंवा वेगळा खर्च लागत नाही. पुढील उपक्रम गणित, परिसर अभ्यास आणि भाषा या विषयांतच बसतात.

१. पहिली व दुसरीच्या मुलांनी वाटी, पेला, मूठ यांनी धान्य मोजून पाहावे. मूठ प्रत्येकाची निराळी भरते, वाटी मात्र सारखी भरते, हे त्यांना स्वतः दिसू द्यावे.

२. तिसरी व चौथीच्या मुलांनी उष्टे, शिळे व नासके हे तीन शब्द घेऊन प्रत्येकाची घरातील दोन कारणे लिहून आणावीत. आजीकडून उरलेल्या अन्नाच्या एका पदार्थाची कृती ऐकून ती पाच-सहा वाक्यांत लिहावी.

३. पाचवीपासून पुढील मुलांनी सात दिवसांची नोंद ठेवावी. वहीत पाच रकाने आखावेत: वार, काय उरले, किती उरले, का उरले, पुढे त्याचे काय झाले. आठवड्याच्या शेवटी बेरीज करून तिला ५२ ने गुणावे, म्हणजे वर्षाचा अंदाज येतो. पुढील महिन्यात पुन्हा सात दिवस नोंद करून दोहोंची तुलना करावी.

४. शाळेतील आहार हा या शिक्षणाचा रोजचा पाठ होय. पंतप्रधान पोषण शक्ती निर्माण योजनेत प्राथमिक वर्गातील मुलामागे दररोज १०० ग्रॅम आणि उच्च प्राथमिक वर्गातील मुलामागे १५० ग्रॅम धान्य ठरलेले आहे. त्या दिवसाची हजेरी पाहून धान्य किती काढावे, हा हिशेब मुलांकडून करवून घ्यावा. वाढप्यांनी थोडे वाढावे आणि दुसऱ्यांदा अवश्य फिरावे.

५. साली, देठ आणि निरुपाय म्हणून टाकावे लागणारे अन्न यांसाठी शाळेच्या आवारात खताचा खड्डा असावा. कचऱ्याच्या ढिगात दबून कुजणारे अन्न मिथेन वायू सोडते व हवामानास अपाय करते. खड्ड्यात वाळलेल्या पानांचे थर देऊन ते मुरविल्यास परसबागेस खत मिळते.

सात दिवसांच्या नोंदीबाबत दोन सूचना करणे आवश्यक आहे. पहिली अशी की, नोंदवही ही घराची झडती नव्हे. कोणाची वही वर्गात मोठ्याने वाचू नये आणि ‘कोणाच्या घरी जास्त वाया जाते’ अशी स्पर्धा लावू नये. मुलांनी नावाशिवाय आकडे द्यावेत आणि वर्गाची एकत्रित बेरीज फळ्यावर यावी. दुसरी सूचना याहून महत्त्वाची आहे. वर्गात एखादी वही सातही दिवस कोरी असेल. काही उरले नाही, कारण उरण्याइतके शिजलेच नव्हते. त्या मुलास सर्वांसमोर शाबासकी देऊ नये आणि प्रश्नही विचारू नये. त्याच्या घरी शिधापत्रिका आहे की नाही, धान्य मिळते की नाही, याची चौकशी मुख्याध्यापकांनी पालकांकडे स्वतंत्रपणे व सौजन्याने करावी. जेवणाच्या सुट्टीत ते मूल दुसऱ्यांदा ताट पुढे करील, तेव्हा ते भरावे.

पाचव्या रकान्यात, ‘पुढे त्याचे काय झाले’ येथे, अनेक मुले ‘आईने खाल्ले’ असे लिहितील. शिक्षकाने त्यावर भाष्य करण्याची घाई करू नये. आठवडाभरात तो शब्द किती वेळा आला हे मुलाने स्वतःच मोजावे. पुढच्या आठवड्यात भाताची वाटी कोणी भरावी, बाहेर जाताना कोणी काय सांगून जावे, आईने जेवणास केव्हा बसावे, यांची उत्तरे मग त्या घरातच शोधली जातील. मुलाने घरी जाऊन वडीलधाऱ्यांस उपदेश करावा अशी अपेक्षा येथे नाही. त्याने वही घरी दाखवावी, एवढे पुरेसे आहे.

२०१९ साली संयुक्त राष्ट्रसंघाने २९ सप्टेंबर हा दिवस अन्नाची हानी व नासाडी यांविषयीच्या जागृतीसाठी ठरविला आणि २०२० पासून तो पाळला जातो. शाळांनी तो अवश्य पाळावा. परंतु प्रभातफेरी आणि घोषणा यांवर तो संपू नये. त्या दिवशी पहिल्या नोंदीची बेरीज फळ्यावर लिहावी आणि दिवाळीच्या सुट्टीपूर्वी दुसरी बेरीज तिच्या शेजारी लिहावी. दुसरा आकडा पहिल्याहून लहान झाला आणि त्याचबरोबर घरातील कोणाचेही ताट रिकामे राहिले नाही, तर शाळेने दिलेले शिक्षण घरात पोहोचले असे समजावयास हरकत नाही.